शीतगृहात झोपवलेलं झाड

कोल्हार,
२० मार्च २०२५

चि. सृष्टी,
आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते.

बाळंतपणाला माहेरी येऊ का, हा तुझा निरोप पोचला. फोन करत नाही याचा राग मानू नकोस. फोनवर तू रडतेस, मग मी 'बघू' म्हणते आणि उत्तर राहूनच जातं.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आहे तसाच आहे. माझी कोल्ड स्टोरेजमधली नोकरी चालू आहे. डाळिंबाचा हंगाम संपत आला, एका कॉम्प्रेसरचं काम निघालंय. ऊन आत्ताच तापायला लागलं. तुमच्या मिरजगावला याहून जास्त असेल. दुपारची बाहेर पडू नकोस.

तुझं जपानी मेपल जगलं आहे. तू हिमाचलच्या नर्सरीतून कुरिअरने मागवलेल्या तीन रोपांपैकी दोन, तू घर सोडलंस त्याच उन्हाळ्यात गेली. तिसरं अण्णांनी वाचवलं. तू आदिनाथशी जातीबाहेर लग्न केलंस तेव्हापासून त्यांच्या तोंडून तुझं नाव निघालेलं नाही, पण कुंडी त्यांनी स्वतः उचलून पश्चिमेच्या उन्हातून ओट्यावर आणली.

आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, त्याने पानांच्या कडा जळतात. हे मी त्यांना एकदाच सांगितलं. तेव्हापासून फिल्टरचं पहिलं भांडं झाडाचं. गेल्या मे महिन्यात कुंडीला ओलं गोणपाट गुंडाळलं, आणि आईच्या खोलीतला कूलर ओट्यावर आला. आई म्हणाली, "मला पण कुंडीत बसवा की मग!" अण्णा हसले नाहीत.

थंडीचा प्रश्न माझ्याकडे आला. या झाडाला वर्षातून दीड-दोन महिने खरी थंडी लागते. ती मिळाली नाही तर ते झोपत नाही, पानं काढत राहतं आणि साठवलेलं संपलं की मरतं. कोल्हारची थंडी त्याला पुरत नाही. मालकांना विचारून मी डाळिंबाच्या खोलीत, पाच अंशांवर, एक कोपरा मिळवला. पानं गळाल्यावर अण्णा स्कूटीवर माझ्यामागे कुंडी मांडीत धरून बसले. नंतर दर रविवारी बघायला यायचे. कानाला मफलर बांधून आत उभे राहायचे, फांदीची साल नखाने किंचित खरवडायचे आणि खाली हिरवं दिसलं की म्हणायचे, "आहे, जीव आहे."

त्या खोलीत उभं राहून मी एक निष्कर्ष काढला. जो माणूस एका झाडासाठी इतकं करतो, त्याला त्या झाडात कोण दिसतं हे उघड आहे. पालवी फुटू द्यायची आणि मग तुझा विषय काढायचा. आईलाही ते पटलं होतं. 'थोडं थांब' असं मी तुला सांगत राहिले ते यामुळे.

पालवी आली. नखाएवढी पानं, लालभडक.

पुढचं लिहायचं नव्हतं, पण त्याशिवाय उत्तर देता येत नाही. गेल्या रविवारी बेलापूरहून मला बघायला पाहुणे आले. मुलाची आत्या, बनुबाई, ओट्यावरच थबकली.

"अगं बया! मिरची हाय का काय ही? लई लाल!"

"जपानचं झाड आहे," अण्णा म्हणाले.

"जपानचं? मग भाकर खातंय का भात?"

सगळे हसले. अण्णाही हसले. तिने विचारलं, "लावलं कुणी?"

"हिनंच." अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "एकुलती एक लेक. हौस पुरवावी लागते."

माझ्या हातात पोह्यांचा ट्रे होता. तो मी खाली ठेवला आणि सगळ्यांना बशा दिल्या. आई आत गेली ती पाहुणे जाईपर्यंत बाहेर आली नाही.

संध्याकाळी अण्णा पानांवर पाणी फवारत होते. मी म्हटलं, "अण्णा, सृष्टीला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण आहे. माहेरी व्हायला पाहिजे."

ते फवारत राहिले.

"ह्या झाडाला इथली हवा मानवत नव्हती. त्याच्यासाठी आपण हवा बदलली ना?"

"झाडानं मला गावात मान खाली घालायला लावली नाही," ते म्हणाले. "या घरात तिचं बाळंतपण होणार नाही. आणि बेलापूरकरांचं ठरेपर्यंत घरात तिचा विषयसुद्धा नको."

ते चिडले असते तर मी आशा ठेवली असती. राग कधीतरी उतरतो. त्यांचा आवाज चढला नाही, फवारा हलला नाही. खोटं बोलताना माणूस थोडा तरी अडखळतो. दुपारी 'एकुलती एक' म्हणताना ते अडखळले नव्हते, हे मला तेव्हा आठवलं. त्या झाडात तू त्यांना कधी दिसलीच नव्हतीस. त्यांना झाड जगवायचं होतं, ते त्यांनी जगवलं. मी चुकीची गोष्ट मोजत होते.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: येऊ नकोस. आलीस तर ते हाकलणार नाहीत. उठून शेजारी रतनबाईंच्या ओट्यावर जाऊन बसतील आणि तू जाईपर्यंत परत येणार नाहीत. पोटुशी असताना तू ते बघावंस असं मला वाटत नाही. आईला तुझ्याकडे पाठवण्याचंही विचारलं. "ह्यांच्या जेवणाचं कोण बघंल?" म्हणाली. स्वयंपाक मला येतो हे तिला माहीत आहे.

मग तू तरी ये, असं म्हणशील. बेलापूरचा होकार आला आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. काय म्हणेन ते मला सांगता येत नाही, म्हणून तुला तारीख देत नाही.

दवाखान्यात वेळेवर नाव घाल. आदिनाथच्या आईला संकोच न करता काय हवं ते सांग, आता तिथे त्याच आहेत. रक्ताचे रिपोर्ट माझ्या मोबाईलवर पाठव. आकडे मला वाचता येतात. त्यापलीकडे मी काय करू शकते, ते या क्षणी मला दिसत नाही.

पत्राच्या शेवटी आई-वडिलांचे आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. आईचे लिहिते. तिने ते दिले आहेत, स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन. अण्णांनी दिलेले नाहीत, म्हणून लिहीत नाही.

तुझी,
धनश्रीताई