टॉर्चचा बल्ब

४ मार्च
"तू फक्त टॉर्च धर." मी लहान असताना बाबा म्हणाले होते. समोर उघडलेला रेडिओ, स्क्रूड्रायव्हर दादाच्या हातात, टॉर्च माझ्या. वर आणि, "उजेड हलवू नकोस."

दादा आता विमा विकतो. मी मिक्सरची माहितीपुस्तकं लिहिते – 'भांडे नीट बसल्याशिवाय बटण दाबू नये.' आणि मागच्या खोलीत, जिथे इस्त्रीचे कपडे लोळायचे, तिथे इलेक्ट्रॉन पळवायचं यंत्र बांधते आहे.

खाली मोटर, मध्ये फिरणारा रबरी पट्टा, वर स्टीलचे दोन मोठे वाडगे तोंडाला तोंड लावून. पट्टा विजेचा भार वर नेतो, वाडग्यांत साठवतो. शेजारी काचेची नळी, तिच्यातली हवा पंपाने काढायची. वरून सुटलेले इलेक्ट्रॉन सुसाट खाली येणार, तळाच्या पडद्यावर आपटणार, तिथे ठिपका चमकणार. संपलं. एवढ्यासाठी सगळ्या सुट्ट्या घातल्या.

तो ठिपका बाबांनी एकदा बघावा. बाकी काही नको मला.

बाबा म्हणतात, "ते वाडगे परत कधी मिळणार?"

९ मार्च
हवा दमट. ठिणगी सोडाच, डोक्यावरचा केससुद्धा उभा राहिला नाही. हेअर ड्रायरने पट्टा वाळवत बसले. तेवढ्यात दादाचा फोन.

"त्यातून निघणार काय?"
"इलेक्ट्रॉन."
"ते भिंतीतल्या प्लगमध्ये पण असतात की. विकत कशाला घ्यायचे?"

विमेवाला तो विमेवालाच.

१३ मार्च
नळी गळत होती म्हणून जोडांच्या रबरी कड्यांना काल स्वयंपाकाचं तेल चोपडलं. माझ्यासारखी शहाणी मीच! तेलाची वाफ नळीभर. आज सगळं उघडून धुतलं. खोलीला भज्यांचा वास, भजी मात्र नाहीत.

बाबांना म्हटलं, येऊन बघा तरी. सोफ्यावरून हलले नाहीत. "मला इथूनही कळतंय. पंप धापा टाकतोय." मग पेपर माझ्यापुढे सरकवला. "वाच. चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे." चष्मा नाकावरच होता. हसून पुरेवाट.

१७ मार्च
इलेक्ट्रॉन सोडायला तापणारी बारीक तार हवी. छोट्या बल्बची काच फोडली की आत आयती मिळते. घरात तसा बल्ब एकच – बाबांच्या टॉर्चमध्ये. तोच टॉर्च. रेडिओचा.

काढला. बोलणी बसायच्या आत नवा आणून घालते.

२१ मार्च
बल्ब आणायचा राहिलाच. बाबांनी चकार शब्द काढलेला नाही, टॉर्च तर संध्याकाळी घरभर त्यांच्या हातात असतो. वयाने निवळले म्हणायचं.

२४ मार्च
दिसला! हिरवा, मुगाएवढा, जरा थरथरणारा.

खिडकीला जाड चादर लावली होती. ट्यूबलाइट चालू ठेवून शेवटची वायर जोडत होते, तेवढ्यात दारात बाबा. स्वतःहून. हातात टॉर्च, माझ्या हातांच्या दिशेने धरलेला. "कर तुझं. मी धरतो." मान वर केली असती तर वायर सुटली असती, म्हणून हातांकडेच बघत राहिले.

मग मी ट्यूबलाइट घालवला. "बाबा, टॉर्चही बंद करा." खट्ट. अंधार. पट्ट्याची घरघर, आणि हळूहळू तो ठिपका.

"बाबा, दिसला?"
"दिसला की. झकास. पिवळाधमक."

हिरव्याला पिवळा! मला चिडवल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. पण 'झकास' म्हणाले. मला. दादाला कधी म्हणाले नव्हते.

२५ मार्च
नवा बल्ब आणला. टॉर्चचं तोंड उघडलं. आत बल्बची जागा रिकामीच. जुना अजून नळीतच आहे. काल बाबा माझ्यासाठी रिकामा टॉर्च धरून उभे होते. हात जरासुद्धा हलू दिला नाही.

'चष्मा बदलला की झालं' म्हणतील, 'तुझं यंत्र सांभाळ' म्हणतील, येणार नाहीतच. तरी चहाबरोबर विचारायचं – बाबा, डोळे दाखवायला येता का माझ्याबरोबर?