प्राध्यापकांच्या नावे उसनी पुस्तकं

पालघर, शनिवार, ऑगस्ट १९६७

प्रिय शशिकलाबाई,

तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आमच्या कॉलेजात उसनी येणारी पुस्तकं खरोखर कोण वाचतं, असं तुम्ही सोमवारच्या पार्सलात चिठ्ठी घालून विचारलंत. खरं सांगतो, कोणीच नाही. मागणीपत्रं मीच भरतो. प्राध्यापक न वाचता सही करतात. तेवढंच त्यांचं लेखन. पार्सल आलं की मी पावतीवरची तुमची सही पाहतो आणि पुस्तकं परत पाठवतो.

ग्रंथपालनाची पदविका आपण एकाच बाकावर बसून घेतली. तुम्ही वर चढलात. माझ्या बढतीत फक्त किल्ल्या वाढल्या. ज्यातून पुस्तक बाहेर जात नाही तेच उत्तम ग्रंथालय, असं आमच्या प्राचार्यांचं मत आहे.

पार्सल सोडताना आमचा म्हातारा शिपाई भिका म्हणाला, "सायेब, बाईंनाच बोलवा ना इकडं. टपालखर्च तरी वाचंल."

"त्या मोठ्या हुद्द्यावर आहेत, भिका."

"मंग तुमी जा! तिकडं तारापूरला अणूची वीज उभी रायते, नि तुमच्यानं एक गाडी पकडवत नाय?"

तुमच्या हाताखालच्या रिकाम्या जागेचा फॉर्मही तुम्ही चिठ्ठीसोबत पाठवलात. आज शेवटचा दिवस. सकाळी तो नीट भरत गेलो. 'सध्याची जागा सोडण्याचं कारण' या रकान्यात शाईनं तुमचं नाव लिहून बसलो. दुसरा फॉर्म नाही, आणि खाडाखोड केलेला अर्ज बाद होतो. म्हणून हे पत्र त्यालाच टाचून कपाटात ठेवतो आहे.

तुमचाच,
यशवंत राऊत