वामनरावांसाठी लावलेली तंबाखू

रविवार, १ ऑगस्ट १९२६

यादीतून माझं नाव काढलं! सगळ्या मंडळीसमोर.

प्रभुभोजनाच्या आधी वामनराव उपदेशक उठले आणि म्हणाले, मिशनच्या मळ्यातला शालिग्राम तंबाखू खातो, मी त्याला पकडलं आहे. पुरावा काय, तर तंबाखूची एक चंची. शुक्रवारी विहिरीजवळ पडलेली दिसली. कुणा वाटसरूची राहिली असेल, जानेफळच्या बाजारात विचारू, म्हणून मी ती कमरेला खोचली. तोच हे लिंबाच्या झाडाआडून पुढे! चंची यांनीच ठेवलेली. मुद्दाम.

म्हणाले, "तुमची परीक्षा पाह्यली, शालिग्रामभाऊ. तुमी पडले."

तीन वर्षांपूर्वी तंबाखू सोडली तेव्हा याच मंडळीसमोर उभा राहिलो होतो. आमची रीतच आहे — आ करून तोंड दाखवायचं, ‘साफ आहे’ म्हणायचं, मग यादीत नाव. त्या दिवसापासून चिमूटभरही खाल्लेली नाही. देवाला माहीत आहे. पण यादी देवाकडे नाही, वामनरावांकडे आहे!

बुधवार, ११ ऑगस्ट

नांदुऱ्याहून निवृत्तीमास्तरांचं पत्र. ज्या घराचं नाव मंडळीत नाही तिथली मुलगी सून करता येत नाही. ईस्टरपर्यंत थांबतो, नाव परत लागलं तर कळवा.

लेकीला, रुखमाला, वाचून दाखवलं. ती वाफ्यावर झारी धरून उभी राहिली — झारीत पाणी नव्हतं.

वामनरावांना मी सोडणार नाही.

शनिवार, २१ ऑगस्ट

दुपारी मिशनचे साहेब उपदेशकांना ग्रीक शब्द शिकवतात. मी व्हरांड्यात कुंड्या सारख्या करत बसतो आणि ऐकतो. आजचा शब्द पैरास्मोस. परीक्षा म्हणजेही तोच आणि मोहात पाडणं म्हणजेही तोच. वामनराव पुढेच बसले होते, मान डोलवत!

मला राहवलं नाही. खिडकीतून विचारलं, साहेब, मग ओळखायचं कसं? साहेब रागावले नाहीत. म्हणाले, बैल विकत घेणारा त्याला जुंपून बघतो, कारण बैलाने ओढावं अशी त्याची इच्छा असते. दुसरा एखादा त्याच बैलाला टोचतो, त्याने उधळावं म्हणून. बैलाला दोन्हीकडे त्रासच. फरक माणसाच्या मनात.

वामनरावांनी वहीत लिहून घेतलं. चंची ठेवताना तुमच्या मनात काय होतं हो?

सोमवार, २३ ऑगस्ट

झोप लागेना, पण सुचलं.

वामनरावांनीही तंबाखू सोडलेली आहे, इथे आल्यावर. त्याआधी वीस वर्षं खात होते, स्वतःच सांगतात. अजून उपदेश रंगात आला की डाव्या तळव्यावर उजवा अंगठा चोळत राहतात. त्यांचं त्यांना कळतही नाही. मला कळतं.

चंची कशाला ठेवू? मी माळी आहे. तंबाखूच लावीन.

शनिवार, २८ ऑगस्ट

बी मिळालं. इतकं बारीक की राखेत मिसळून टाकावं लागतं. साहेबांना सांगितलं, वांग्यांवर मावा पडतो, त्यावर तंबाखूचं पाणी मारतात. खोटं नाही ते. साहेब हो म्हणाले. जागा मीच निवडली — वामनरावांच्या परसाला लागून.

रविवार, १० ऑक्टोबर

यादीत नाव नाही, म्हणून देवळात दारापाशी बसतो हल्ली, चपलांजवळ. रोपं लागली सगळी.

मंगळवार, १४ डिसेंबर

शेंडे खुडले. शेंडा खुडला की जोर पानात उतरतो. एकेक खुडताना मनात म्हणत होतो, हे रुखमाचं, हे माझं, हे त्या चपलांचं.

वामनराव कुंपणापाशी आले. पानं केवढी झाली म्हणाले. मी म्हटलं, वांग्यांसाठी आहेत. बराच वेळ उभे होते. अंगठा चालू!

मोहात नेऊ नको असं रोज प्रार्थनेत म्हणतो आपण. वामनरावांना न्यायला मी आहे.

गुरुवार, १० फेब्रुवारी १९२७

पानं कापून मळ्यातल्या छपरात वाळायला टांगली. छपराला दार ठेवलेलं नाही. वारा त्यांच्या खिडकीकडेच जातो.

शुक्रवार, २५ फेब्रुवारी

वास सुटला. पान तयार झालं का ते नुसतं हुंगून कळत नाही, म्हणून कोपरा चावून पाहिला. थुंकलो. कच्चं आहे अजून. माल द्यायचा तर चोख द्यावा.

बुधवार, २ मार्च

पुन्हा पाहिलं. सुधारलंय. थुंकलो.

मंगळवार, ८ मार्च

आज दोनदा पाहिलं. वामनराव रोज छपरासमोरून चकरा मारतात, आत येत नाहीत. येतील! साहेबांना कुठून दाखवायचं तेही ठरवलंय, गाजराच्या वाफ्याकडून सरळ दिसतं.

सोमवार, १४ मार्च

बायको, झुंबर, भाकरी वाढता वाढता म्हणाली, "तुमी काऊन रोज पाहून राह्यले? तंबाखू तर वामनरावासाठी हाये ना?"

मी ताट सरकवलं. बायकांना मालाची पारख काय कळते! पण जेवल्यावर छपरात गेलोच.

गुरुवार, २४ मार्च

वामनराव आले. छपरात नाही, माझ्या ओट्यावर. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"काल मी तुमच्या छपरात गेलतो," म्हणाले. "पान तोडलं. तळव्यावर मळलं. तोंडापाशी नेलं, अन् मंग ठेवून देल्लं. घरी आलो तं मले ते चंची आठवली. तुमीबी नुसती उचलली होती. अन् म्या तुमाले पाडासाठीच ठेवली होती, शालिग्रामभाऊ."

येत्या प्रभुभोजनाला ते सगळ्यांसमोर माफी मागणार आहेत. नांदुऱ्याला पत्रही त्यांनीच टाकलं, निवृत्तीमास्तर येणार. मी फक्त रीतीप्रमाणे उभं राहायचं, तोंड दाखवायचं, साफ आहे म्हणायचं.

जिंकलो! पण काय तरी जिंकणं — ठेवून दिलं म्हणे! सात महिने राबलो, आणि हा माणूस ठेवून देतो! ओरडावंसं वाटलं. पण ओरडता येईना. नुसती मान हलवली मी, ओठ मिटून. गालात होती ना.

रविवार, २७ मार्च

आजपासून बंद. उरलेली सगळी पानं भिजवून वांग्यांवर मारली. 

बुधवार, ३० मार्च

एक जुडी छपराच्या वाशात अडकून राहिली होती. सापडली.

शनिवार, २ एप्रिल

निवृत्तीमास्तर दुपारी उतरले, मुलाला घेऊनच. रुखमा चुलीपाशी गुणगुणत होती. आठ महिन्यांनी ऐकलं.

बाभळीच्या काडीने हिरड्यांतून रक्त येईस्तो दात घासले. झुंबरला तोंड दाखवलं. तिने कंदील जवळ धरून पाहिलं आणि म्हणाली, "काहीच दिसत नाही. दिसणार बी नाही कोणाले." मग कंदील खाली ठेवला. 

दोन शब्द तर म्हणायचे आहेत. चंचीच्या वेळी मी खरा होतो तेव्हा कुणी ऐकलं? मंडळी मला एक खोटं देणं लागतेच. म्हणेन.

रविवार, ३ एप्रिल

वामनराव सगळ्यांसमोर गुडघ्यांवर आले. चूक माझी होती म्हणाले, रडले. मग उठून यादी उघडली, टाक शाईत बुडवला आणि म्हणाले, "दाखवा, भाऊ."

रुखमा माझ्याकडे बघून हसली.

आत दिसण्यासारखं काही नव्हतं. तरी मी तोंड उघडलं नाही.