सुरूपाड्याच्या शाळेची वेळ

आगाशी,
ता. २ जानेवारी २००४

चि. विनूस,

मनूआत्याचे अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण माझ्याइतका नाही.

हे माझं तिसरं पत्र. पहिल्या दोहोंना उत्तर नाही, तेव्हा ती पोचलीच नाहीत असं मी धरून चालले आहे. पोस्टखात्यावर आळ घेणं मला सोयीचं पडतं. मोखाड्याला थंडी फार असते म्हणतात. सोबत तुझा निळा स्वेटर आहे. कोपरावर उसवला होता, तो विणून दिला. लोकरीचा रंग जुळला नाही, पण तिकडे बघायला कोण आहे? नारळाच्या वड्या एकटीने संपव. निलंबित माणसाने अन्नावर राग काढू नये.

बघ, लिहिला मी तो शब्द. तीन आठवडे तो लिहायचं टाळत होते. नऊ वर्षांची असताना तू माझ्याकडे आलीस, दादा आणि वहिनी गेल्यावर. माझ्या घरात वाढलेली मुलगी सुरूपाड्याच्या शाळेत खोटी हजेरी लावते, असं कागदावर लिहिलं जातं, निलंबनाच्या काळापुरतं तुला मोखाड्याच्या खोलीत नेऊन बसवलं जातं आणि अठ्ठावीस तारखेला चौकशी ठरते. आरोप टिकला तर नोकरी गेली. आणि तू मला एक ओळ लिहीत नाहीस.

या जिल्ह्यात शाळा कशा चालतात हे चौतीस वर्षं हायस्कुलात शिकवून मला कळलं नव्हतं, ते निवृत्त होऊन तुमच्या ग्राम शिक्षण समितीत बसल्यावर कळलं. शिक्षणतज्ज्ञ म्हणून घेतलं मला. मला वाटलं, इथे शिक्षणाबद्दल बोलतात. जुलैच्या सभेत दीड तास शाळेच्या कमानीबद्दल बोलले. कमानीला निधी आला होता आणि मार्चच्या आत खर्चायचा होता. रंग भगवा की निळा की तिरंगी, यावर समितीतले नथूशेठ आणि सरपंच एकमेकांच्या अंगावर जायचे राहिले. छपरातून पाणी गळतं हे मी म्हटलं, तर उत्तर मिळालं की छपराचं हेड वेगळं आहे. शेवटी कमान झाली. तिच्याखालून आत गेलं की थेट गळक्या वर्गात.

असल्या कारभारात एखादीच शाळा वर आली की लोकांना संशय येतो. तुझी चौथीची मुलं केंद्रात पहिली, हजेरी पंच्याण्णव टक्के. विस्तार अधिकारी संग्राम मोहिते यांना ते खुपलं असणार. म्हणून ते नऊ डिसेंबरला अचानक तपासणीला आले आणि समितीच्या सदस्य म्हणून मलाही घेऊन गेले. दुपारचे बारा वाजलेले. वर्ग उघडा, मूल एकही नाही, तू नाहीस, आणि टेबलावर हजेरीपत्रकात एकेचाळीस हजर. पुढे मोहित्यांनी काय लिहायचं ते लिहिलं. सही सगळ्यांनी केली, मीही केली. डोळ्यांनी पाहिलेलं नाकारायचं कसं? उद्या कोणी म्हणायला नको की भाचीसाठी गुप्तेबाईंनी डोळेझाक केली.

आणि एक विचारते. फळ्यावर तिथी कशाला लिहायची गं? 'मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा' आणि खाली वेळा. सरकारी शाळेत उपासतापास शिकवतेस की काय? मला तेव्हाच राग आला होता.

उत्तर लिही. कार्ड चालेल. जोडून तिकीट पाठवते आहे.

तुझी
मनूआत्या


आगाशी,
ता. १६ जानेवारी २००४

चि. विनू,

आशीर्वाद. तिळगूळ सोबत आहे. घे, आणि मग बाकीचं वाच. या खेपेला गोड बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

तुला अर्नाळ्याच्या सुरूपाड्यातली कमळी आठवते, माझ्या दारावर म्हावरं घेऊन येणारी. वीस वर्षं ती माझ्या ओट्यावर टोपली उतरवते, भावात मला फसवते आणि वर माझाच चहा पिते. डिसेंबरपासून ती माझ्या दारावरून पुढे जाते. हाक मारली तरी वळत नाही. शेजारच्या व्हेरोनिकाकडे उतरते, तिथे मोठ्याने बोलते, मला ऐकू जाईल इतकं. मागच्या सोमवारी मी रस्त्यातच उभी राहिले. म्हटलं, काय झालं ते तोंडावर सांग.

टोपली डोक्यावरून उतरवलीही नाही तिने. म्हणाली, "मोठ्या बाय, तुमी बारा वाजता आल्या. त्या दिशी बाराच्या टायमाला पानी भरत होतं, होड्या लागत होत्या. तवा आमची पोरा शालंत कशी असतील? ती सकाली सातलाच शालंत बसून, लिवून उठली होती. तुमी सातला का नाय आल्या?"

मी म्हटलं, शाळा अकरा ते पाच असते.

"ती तुमची," ती म्हणाली. "आमची विनिताबाय पान्यावर शाला भरवते."

मग तिने मला भर रस्त्यात गणित शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. प्रतिपदेला पाऊण वाजता, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरतीला होड्या काठाला लागतात आणि तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस टोपल्या उचलायला, बोंबील निवडायला लागतं, पोरंसुद्धा. पूर्वी त्या वेळी शाळा असली की पोरं शाळा सोडायची. तू शाळाच भरतीच्या आधी-नंतर नेलीस. फळ्यावरची तिथी म्हणजे उपास नव्हता. ते तुझं वेळापत्रक होतं.

मी तिच्यासोबत रिक्षाने सुरूपाड्यात गेले. तुझ्या जागी आलेला श्रीरंग लातूरकडचा शिक्षणसेवक आहे, भला मुलगा, अकराला कुलूप काढतो आणि सात मुलांसमोर बसतो. बाकीची पुळणीवर. मी घरोघरी फिरले आणि वह्या मागितल्या. विनू, प्रत्येक वहीत रोजच्या पानावर वर कोपऱ्यात तारीख, खाली तिथी, खाली भरतीची वेळ, मुलांनीच काढलेली. नऊ डिसेंबरचं पान मी एकेका वहीत पाहिलं. शुद्धलेखन, भागाकार, आणि तुझी लाल खूण. एकेचाळीसपैकी अडतीस वह्या मिळाल्या. तीन वह्यांची पानं म्हावरं गुंडाळायला गेली होती, त्या बायकांनी माझी त्याबद्दल खरोखर क्षमा मागितली. माझी.

तू अर्नाळ्यात खोली घेतलीस तेव्हा मला वाटलं, माझ्या शिस्तीला कंटाळलीस. सहाला उठून काठावर जायचं होतं म्हणून घेतलीस, हे मला तू सांगितलं नाहीस. का सांगशील? मी तुला नोकरी लागल्यावर काय भेट दिली होती? भिंतीवरचं घड्याळ. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर क्लेमेंटीन घंटेच्या ठोक्याला जिन्यावर उभ्या असायच्या, मिनिटभर उशीर झाला तर दिवसभर बाकावर उभं करायच्या. मी त्यांना घाबरत नव्हते, मला त्या व्हायचं होतं.

आता ते लिहिते जे मागच्या तिन्ही पत्रांत मी मोहित्यांच्या नावावर खपवलं.

मोहित्यांनी शेऱ्यात लिहिलं होतं, 'तपासणीवेळी विद्यार्थी अनुपस्थित. शिक्षिकेकडून खुलासा मागवावा.' एवढंच. कागद माझ्यापुढे सरकवून ते म्हणाले, "बाई, मुलीला आधी विचारून घेऊ." मी म्हटलं, नात्यातली आहे म्हणून मऊ लिहू नका. आणि त्यांच्या पेनाने, माझ्या हाताने, मी खाली ओळ घातली, 'हजेरीपत्रक बनावट आहे.' तुझं निलंबन त्या एका शब्दावर झालं. तो शब्द मोहित्यांचा नाही, माझा आहे. कोळ्यांच्या पोरांची हजेरी पंच्याण्णव टक्के असू शकते, हे मला मुळात पटलंच नव्हतं. आकडा ऐकूनच मी आधी हसले होते. तपासणी नंतर केली.

आणि तू आली होतीस. पुळणीवरून धावत, साडी गुडघ्यापर्यंत ओली. मी तुला चारचौघांत म्हटलं, "बाई, हजर विद्यार्थी दाखवा." तू म्हणालीस, "भरती आहे." आणि मी म्हटलं, "शाळेला भरती-ओहोटी नसते." लोक हसले. तू माझ्याकडे एकदा बघितलंस. तू लहानपणी खोटं बोलायचीस तेव्हा खूप बोलायचीस. त्या दिवशी दोन शब्द बोललीस, तेव्हा तरी मला कळायला हवं होतं.

या पत्राखाली आत्या म्हणून सही करायची की नाही हे तू ठरव. तोवर नुसती,

मनोरमा गुप्ते


सुरूपाडा,
माघ शुद्ध षष्ठी, भरती साडेचारला

लाडक्या विनू,

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. दोन ओळी. 'मनूआत्या, फळ्यावरची तिथी रोज बदलत जा. श्रीरंगला पाऊणकी येत नाही, त्याला शिकव.' मी ते व्हेरोनिकाला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, यात माफ केलं असं कुठे आहे? मी म्हटलं, तू शाळेत नीट लक्ष दिलं नसशील.

तिथी रोज बदलते. म्हणजे फळ्यावरची, मी. श्रीरंगला पाऊणकी येते आता, चार पाऊणे तीनपर्यंत बिनचूक, पुढे घसरतो. तिसरीतली खुशी त्याला हसते. काल एकतीस मुलं होती, आज अडतीस.

दोन गोष्टी कळवायच्या आहेत. पहिली मला समितीच्या फाइलीत सापडली. तू जूनमध्ये अर्ज दिला होतास. शाळेची वेळ भरतीप्रमाणे ठेवायला समितीने ठराव करावा, कारणं अशी अशी, सोबत पालकांच्या सह्या आणि अंगठे. सगळं रीतसर. जुलैच्या सभेत तो विषय क्रमांक नऊ होता आणि कमान विषय क्रमांक तीन. 'विषय ९, वेळेअभावी पुढील सभेत.' पुढील सभा झालीच नाही. ते इतिवृत्त माझ्या अक्षरात आहे, विनू. समितीत कोणाचं अक्षर चांगलं नव्हतं म्हणून मीच लिहीत असे. तू सगळं विचारलं होतंस आणि उत्तर द्यायचं आम्हीच विसरलो होतो.

काल झेंडावंदन झाल्यावर मी कोणाला घरी जाऊ दिलं नाही. कमानीखालीच सभा घेतली. सरपंच म्हणाले, आधी वरून मान्यता येऊ दे. मी म्हटलं, कमानीला वरून मान्यता आली होती का, कागद दाखवा. नथूशेठ हसले आणि त्यांनीच पहिली सही केली. ठराव झाला. विषय एकच ठेवला होता.

दुसरी गोष्ट मोहित्यांची. त्यांना मी सगळं सांगितलं, माझा लेखी जबाब वाचून दाखवला. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "गुप्तेबाई, शब्द तुमचा होता, पण वर सही माझी होती. तुमच्यासमोर बोलायची माझी छाती झाली नाही. मीही येतो." त्यांच्याबद्दल मी तुला जे लिहिलं ते खोडून टाक. भला माणूस आहे, आणि माझ्यासमोर गप्प बसणारा तो काही पहिला नाही.

उद्या चौकशी आहे. हे पत्र आजच्या एसटीने पुढे पाठवते, मी सकाळीच पोचते. माझ्या पिशवीत जबाब, ठराव, तुझा जूनचा अर्ज आणि अडतीस वह्या आहेत. कमळी येते आहे, धंदा बुडवून. साहेबांना पाण्याचं गणित तीच समजावणार म्हणते, बायला नीट नाय जमायचं. साहेब काय ठरवतील ते मला माहीत नाही. कागदावरचा शब्द पुसायला लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे मोहित्यांनी मला बजावून ठेवलं आहे. पण 'बनावट' कोणाचा म्हणून विचारतील, तर मी खुर्चीतून उठून उभी राहणार आहे. दिवसभर उभं केलं तरी चालेल.

तू दारात दिसलीस की मी तुला बाई म्हणणार नाही. तेवढं एक घरून ठरवून निघते आहे.

उद्या सप्तमी. भरती सव्वापाचला, शाळा अकरा ते साडेचार. फळ्यावर लिहून ठेवलं आहे. मी दिलेलं घड्याळ वर्गाच्या दारावर उंच होतं, ते काढून फळ्याच्या खाली लावलं, मुलांना दोन्ही एकदम दिसावं म्हणून. खिळा थोडा तिरका बसला आहे. आलीस की तूच सरळ कर.

तुझी, तू म्हणतेस म्हणून,
मनूआत्या