झाकण मधोमध धरून

प्रिय खटपट्या,

हे पत्र हाताने लिहिते आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. रागात माझं अक्षर कधीच धड येत नाही. आईबाबा बरे आहेत. बाबांच्या गुडघ्याची कुरकुर चालू आहे, आणि आईची बाबांवरची कुरकुर त्याहून जोरात. बाकी घरात शांतता आहे, मी सोडून.

तुमच्या कंपनीच्या नव्या लॅपटॉपवरून इंटरनेटवर काय रण माजलंय ते तू वाचतोसच. एक जण लिहितो, बिजागरी सदोष आहे, झाकण उघडताना स्क्रीन तडकली. दुसरा म्हणतो, तुम्हीच आडदांड. बिजागरी माझ्या भावाने डिझाइन केलेली, मग मी गप्प बसते होय! ग्रंथालयातून घरी आले की चपला न काढताच तुझं वकीलपत्र घेऊन भांडायला बसायचे. नाचता येईना अंगण वाकडं, असं किती जणांना सुनावलं असेल! त्यात एक अनुवाद करणारी बाई होती. तिची स्क्रीन तडकली, कंपनीने 'हाताळणीतली चूक' म्हणून लॅपटॉप तसाच परत पाठवला, आणि हातातलं पुस्तकाचं काम गेलं. तिला मी धांदरट म्हणाले. वर ऐटीत लिहिलं की आमच्या घरात तीन आहेत, एकालाही काही झालेलं नाही.

ती उलटून भांडली नाही. तुम्ही झाकण कसं उघडता, एवढंच तिने विचारलं.

उत्तर लिहायला गेले आणि हात थांबला. आम्ही मधोमध धरून उघडतो, दोन्ही हातांनी. आईसुद्धा, बाबासुद्धा. कारण लॅपटॉप घेऊन आलास तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्हा तिघांना ओळीने बसवून तूच शिकवलं होतंस. कोपऱ्याला धरायचं नाही, कधीच नाही. बाबांनी कोपरा धरला तर त्यांच्या हातावर चापटी मारलीस. केवढे हसलो होतो आपण! मला वाटलं, पोराचा आपल्या कामावर किती जीव आहे.

म्हणजे तुला माहीत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरच्यांच्या कानात खरं सांगितलंस, आणि बाकीच्यांना त्यांचेच हात वाईट असं ऐकवू दिलंस. वरच्यांनी ऐकलं नाही, नोकरी जाईल, असं तू म्हणशील. जाईलही, मला कळतं ते. पण मी भांडत होते तेव्हा फोनवर 'शाब्बास ताई' कशाला म्हणालास? निदान मला तरी गप्प बसवायचं होतंस. लोकांसमोर तोंडघशी पाडायला सख्खी बहीणच सापडली का रे तुला?

काल मी माझा लॅपटॉप मुद्दाम कोपऱ्याला धरून उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. सगळे उघडतात तसाच, जोर न लावता. जेवणाची हाक येईपर्यंत कट्‌ असा आवाज आला आणि स्क्रीनवर आडवी चीर गेली. म्हणून हे पत्र हाताने. त्या बाईला मी अजून उत्तर दिलेलं नाही, कारण ते तुझं उत्तर आहे. ते तू दे, स्वतःच्या नावाने. रविवारपर्यंत वाट बघेन. नाहीतर बाबांच्या लॅपटॉपवरून मीच देईन, आणि स्वयंपाकघरातली तुझी शिकवणी त्यात जशीच्या तशी असेल. बाबांचा लॅपटॉप मधोमध धरूनच उघडेन, काळजी करू नकोस.

अजून तरी तुझीच,
ताई