निळ्या कॅनमधलं तेल

ट्युनिस, ३ नोव्हेंबर २००९

ती. उम्मीस सलसबीलचा सलाम व सा. न.

फोनपाशी बाबा बसलेले असतात, म्हणून लिहितेय. ऑपरेशन झालं. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर पोटात भलतीकडेच वाढलं होतं, एंडोमेट्रिओसिस म्हणतात. दर महिन्याला आडवी पडायचे ते सोंग नव्हतं, उम्मी.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरचं तेल कशात ठेवता. मी फुशारकीने सांगितलं, फवारणीच्या औषधाच्या निळ्या कॅनमध्ये, आई राखेने सात वेळा घासते. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, अशी काही रसायनं शरीरातल्या संप्रेरकांची नक्कल करतात. जनुकं तीच राहतात, पण त्यांची बटणं फिरतात, भलतंच चालू आणि भलतंच बंद. त्या कॅननेच झालं असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही, तरी ते तेल सोडा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आपल्या धाकट्या रीमचंही तेच चाललंय. तिला इकडे दाखवायला आण. माया पातळ होऊ देऊ नकोस.

सलसबील

स्फाक्सजवळून, ९ नोव्हेंबर

चि. सलसबील हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या डॉक्टरीणबाई फार शिकल्या वाटतं! अख्खी गल्ली याच कॅनमधलं तेल खाते, मीच शिकवलंय सगळ्यांना. लग्नाआधी पोरगी बायकांच्या डॉक्टरकडे गेली की लोक काय बोलतात, तुला सांगायला हवं का? मी दोन बाळंतपणं काढली, कधी हूं की चूं केलं नाही. अशक्तपणाला भाजल्या पिठाचा बसीसा कालवून पाठवतेय, तेल आपलंच.

तुझी उम्मी

ट्युनिस, १६ नोव्हेंबर

ती. उम्मीस सलाम.

बसीसा फेकला. तुझ्या हातचं अन्न फेकताना लाज वाटली. रीमची चिठ्ठी आली, शाळेत चक्कर येऊन पडली म्हणे. तुला सांगायची तिला भीती वाटते, तू नाटकी म्हणशील म्हणून. मलाही म्हणायचीस.

सलसबील

स्फाक्सजवळून, २० नोव्हेंबर

चि. सलसबील हिस आशीर्वाद, चालत असतील तर.

कॅन सुरीने भोसकले. दारोदार जाऊन सांगतेय, माझं ऐकून घासलेत, आता माझंच ऐकून टाका. मान वर होत नाही. शेजारची हलीमा हसली, मी ऐकून घेतलं.

मंगळवारी रीमला घेऊन येते. बाबांना सांगितलंय, तुझी शुश्रूषा करायला.

आणखी एक, रागावू नकोस. कधी हूं की चूं केलं नाही म्हणायची ना, ते खोटं. दर महिन्याला मी भाकरीच्या भट्टीपाशी जाऊन रडायची आणि तुम्हाला सांगायची, धूर गेला डोळ्यांत. तुम्ही रडलात की मला माझाच राग यायचा, तो तुमच्यावर काढला. बाईंना विचार, माझ्या वयाच्या बाईला तपासतात का.

लोभ वाढव, असं कुठल्या तोंडाने लिहू? आहे तेवढा ठेव.

उम्मी