अडतीस सेकंद पुढे

२ नोव्हेंबर, सकाळी ८
आजपासून रोजनिशी. धंदा वाढवायचा तर विचार कागदावर उतरले पाहिजेत, असं कुठेतरी वाचलंय.

काल चॅनलचे साहेब येऊन गेले. जाड फाइल, बारीक आवाज. म्हणाले, महिनाअखेरीला तुमच्या भागात स्पोर्ट्स पॅकचे निदान पन्नास ग्राहक नसतील तर स्पोर्ट्सची लाइन बंद. मला हसू आलं. आज अडुसष्ट आहेत! बावीस वर्षं केबल चालवतोय. या भागातल्या कुठल्या भिंतीत कुठे खिळा आहे ते मला झोपेत विचारा. लोक बातम्या सोडतील, सिरियल सोडतील, फुटबॉल सोडणार नाहीत. आणि स्पोर्ट्स गेलं की बाकीची केबल कोण ठेवतंय, हे मलाही कळतं. पण तो प्रश्नच नाही. साहेबांना म्हटलं, पन्नास काय, शंभर दाखवतो. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

संकल्प: रोज पाच नवे ग्राहक. तक्रार आली की त्याच दिवशी जायचं. शिडीला रंग.

तिसऱ्या मजल्यावरच्या रेफ्रीकाकांचा फोन. चित्र दाणेदार येतंय. उद्या जातो.

३ नोव्हेंबर
नवे ग्राहक: शून्य. रविवार होता म्हणून. (बायको म्हणते मंगळवार आहे.)

५ नोव्हेंबर
पाच जण सोडून गेले. एका दिवसात पाच! आता म्हणे मोबाईलवर बघणार. औषधवाल्याला विचारलं, अहो, बावीस माणसं, एक रेफ्री आणि एवढं मैदान त्या तळहाताएवढ्या काचेत मावणार कसं? म्हणाला, मावतात.

राहिले त्रेसष्ट. घाबरायचं कारण नाही. कच्चे ग्राहक गळाले.

शिडीचा रंग आणला. रेफ्रीकाकांचा पुन्हा फोन. उद्या नक्की.

७ नोव्हेंबर
डोकं चाललं की चालतं माझं! कनेक्शन बंद करायचं तर बॉक्स आणि रिमोट परत द्यावा लागतो. मी नियम आणखी कडक केला: रिमोटला मागचं झाकण पाहिजे. झाकण नाही तर बंद नाही. या भागात एकाही रिमोटला मागचं झाकण नाही. सगळीकडे चिकटपट्टी, नाहीतर रबर बँड. सगळे ग्राहक आजपासून माझ्या मुठीत.

संध्याकाळी शिंपीणबाई बंद करायला आल्या. झाकण विचारलं. हात हलवत परत गेल्या. बायकोला हे रंगवून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे आता लोक तुमच्याकडे आवडीने राहणार नाहीत, अडकून राहणार. मी म्हटलं, राहणार ना, मग झालं.

९ नोव्हेंबर
सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यात सहा बॉक्स. वर चिठ्ठी: झाकण सापडलं की आणून देऊ. सत्तावन्न राहिले? मी मोजणार नाही. बॉक्स आलाय, झाकण आलेलं नाही, म्हणजे केस प्रलंबित.

साहेबांना फोन केला. प्रलंबित धरत नाहीत म्हणे. सत्तावन्न.

१० नोव्हेंबर
मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, इंटरनेटच्या कंपनीत आहे, गळ्यात सदैव ओळखपत्र. म्हणतो, भावोजी, तुमच्याकडे शिडी आहे, घराघरात ओळख आहे, आमची वायर तुम्हीच टाका, एजन्सी घ्या. फॉर्मही आणला होता. मी म्हटलं, ज्या आगीने माझं घर पेटलंय तिच्यासाठी मीच लाकडं फोडू? त्याने चहा घेतला. फॉर्म ठेवून गेला. मी तो कंट्रोल रूममध्ये डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला. आता टेबल हलत नाही. मेहुण्याचा पहिल्यांदा काहीतरी उपयोग झाला.

बायको हल्ली संध्याकाळी मोबाईलवर शिवणकामाचे व्हिडिओ बघते. कानात ते इअरफोनचं बोंडूक. खेळात तिला काडीचाही रस नाही, बिचारी. आज मध्येच ओरडली, अरे पास दे की मेल्या! शिवणकामात एवढी तन्मयता मी कुणाची बघितली नाही.

काका: फोन. चित्र दाणेदार. शिडी ओली आहे, रंग वाळू दे.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
शोध लागला! बावीस वर्षांतला सर्वांत मोठा.

सलूनमध्ये दाढीला बसलो होतो. सलूनवाला आरशाखाली मोबाईल लावून मॅच बघत होता. तेवढ्यात वरून रेफ्रीकाकांचा आवाज आला, गोल! सलूनवाल्याच्या मोबाईलवर बॉल अजून गोलकीपरच्या हातात. दाढी अर्धी टाकून वर कंट्रोल रूममध्ये पळालो, स्टॉपवॉच घेऊन परत आलो. दुसऱ्या गोलला मोजलं. केबलवर गोल झाल्यापासून मोबाईलवर यायला अडतीस सेकंद लागतात. अडतीस! म्हणजे हे हुशार लोक शिळं बघतात. ताजं फक्त माझ्याकडे.

सलूनवाल्याला समजावलं. म्हणाला, अडतीस सेकंदांत मला कुठे जायचंय? अडाणी आहे. पण एकदा गोल आधीच कळला, दोनदा कळला, की कुणाचंही टाळकं फिरेल. सगळे रांगेत उभे राहतील.

उरलेली अर्धी दाढी उद्या.

१४ नोव्हेंबर
योजना ठरली. माणूस ठरला. रेफ्रीकाका. एकतीस वर्षं मैदानावर रेफ्री होते, गुडघे गेले, पण फुप्फुसं शाबूत. माझे सर्वांत जुने ग्राहक. जिन्यात गाठलं. म्हटलं, काका, केबलवर गोल दिसला की खिडकीत येऊन शिट्टी मारायची, बस. काकांनी विचारलं, कशासाठी? म्हटलं, खेळासाठी. काकांचे डोळे असे चमकले की मलाच कसंतरी झालं. मला घरात नेलं, कपाटातून जुनी पितळी शिट्टी काढली, धोतराच्या सोग्याने पुसली. शब्द दिला, म्हणाले, एकही गोल चुकणार नाही.

निघताना म्हणाले, तेवढं चित्राचं बघ रे, बॉल दिसत नाही नीट. म्हटलं, उद्या. अवजारांची पिशवी खाली होती.

१६ नोव्हेंबर
शिट्टीचा पहिला दिवस. विजय!

काकांची शिट्टी म्हणजे काय सांगू, चार इमारती दणाणल्या. सलूनवाल्याच्या हातातली कात्री थांबली. औषधवाला दुकानाबाहेर येऊन वर बघायला लागला. शिंपीणबाईंनी खिडकी उघडली. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर राग. मी गच्चीवरून बघत होतो.

एक बारीकसा घोटाळा. तिसऱ्या गोलला काकांनी शिट्टी मारलीच नाही. टीव्हीवरच्या रेफ्रीने गोल दिला, पण काकांच्या मते ऑफसाइड होता. पंधरा मिनिटं वाद घातला, ऐकायला तयार नाहीत. सोडून दिलं.

ग्राहक पंचावन्न. उद्यापासून वाढतील.

१९ नोव्हेंबर
वाढले नाहीत. आज औषधवाला स्वतः आला. मी नव्या कनेक्शनचा फॉर्म पुढे सरकवला, पेनचं टोपण काढून दिलं. तो आभार मानायला आला होता! म्हणतो, शिट्टीची सोय फार छान केलीत. आता मॅचभर मोबाईलला चिकटून बसावं लागत नाही. गिऱ्हाईक बघतो, शिट्टी वाजली की मोबाईल उचलतो, आरामात गोल बघतो. पेनल्टीला दोनदा वाजवता येईल का?

शिंपीणबाईंचंही तेच. चार दिवसांत सहा ब्लाउज जास्त झाले म्हणे.

त्या दिवशी चेहऱ्यांवर मला वाटला तो राग नव्हता. ते कान देऊन ऐकत होते.

ठीक आहे. सवय लागू दे. मग शिट्टी एकदम बंद करायची. धोरण लांबचं असावं लागतं.

२२ नोव्हेंबर
तीन ग्राहक गेले. खास निरोप: काकांची शिट्टी ऐकू येतेच, मग केबल कशाला? झाकणासकट रिमोट आणून दिले. झाकणं आली कुठून? सलूनवाला विकायला लागलाय.

बावन्न. मीही जुनी झाकणं पिशवीत जमवतोय, बाजारातून गायब करायला. तेवीस झाली.

काकांचा फोन आला होता, बायकोने घेतला. म्हणाली, आठव्यांदा केलाय त्यांनी. तुम्ही जाताय की मी काहीतरी करू? म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं? फायनलनंतर निवांत जातो.

२६ नोव्हेंबर
पन्नास. यात माझं घर आहे आणि कंट्रोल रूमचा टीव्हीसुद्धा आहे. का नसावा? तो दिवसभर केबल बघतो, एकदाही तक्रार करत नाही. असे ग्राहक मिळत नाहीत आता.

पन्नास म्हणजे पन्नास. साहेबांची अट पूर्ण. मी जिंकलोय, फक्त चार दिवस कुणी हलायचं नाही.

२८ नोव्हेंबर, रात्री ८, फायनल संपल्यावर
नीट, क्रमाने लिहितो.

कंट्रोल रूममध्ये बसलो होतो. पाच वाजून सतरा मिनिटांनी पहिला गोल. कान शिट्टीकडे. शिट्टी नाही. म्हटलं, ऑफसाइड दिला असेल काकांनी. तेवढ्यात वाजली. स्टॉपवॉच सवयीने चालूच होतं. अडतीस सेकंद.

म्हटलं, वय झालं. गुडघे. खुर्चीतून उठून खिडकीत यायला वेळ लागणारच. शिट्टी उशीखाली राहिली असेल.

दुसरा गोल. पुन्हा अडतीस. गुडघे इतके वक्तशीर नसतात.

तिसऱ्या मजल्यावर गेलो. दार उघडंच होतं. काकांचा टीव्ही बंद, त्यावर घडी घातलेलं फडकं. समोर टेबलावर माझा सेट-टॉप बॉक्स आडवा, त्याला टेकून मोबाईल उभा. मोबाईलवर फायनल. काका शिट्टी हातात धरून, नाक काचेला लावून बसले होते.

मला बघून उभे राहिले. एकतीस वर्षं दुसऱ्यांना कार्ड दाखवलेला माणूस, शाळेतल्या मुलासारखा उभा राहिला. म्हणाले, तू चिडू नकोस. नऊ फोन केले. बॉलच दिसेना, मग गोल कसा कळणार? शब्द तर दिलेला तुला. परवा तुझी बायको जिन्यात भेटली, तिने तिचंच खातं लावून दिलं. ती रोज बघते, मोठी जाणकार आहे हं.

बसलो. 

विचारलं, मग केबल बंद का नाही केलीत? म्हणाले, झाकण सापडत नाही. पलंगाखाली बघितलं, पिठाच्या डब्यातसुद्धा बघितलं. आणि तुला वाईट वाटलं असतं. तू म्हणत असशील तर ठेवतो की. मला काय, बॉक्स मोबाईल टेकवायला बरा आहे.

हो म्हटलं असतं तर पन्नास राहिले असते. एक शब्द. तोंडावर आला होता.

खांद्यावरच्या पिशवीतून एक झाकण काढलं, काकांच्या रिमोटला बसवलं. टक्क आवाज आला. कनेक्शन बंद करायच्या फॉर्मवर त्यांची सही घेतली. मोबाईलला टेकू म्हणून पिठाचा डबा लावून दिला. मग मागची वायर बघितली. दाणे का येत होते? स्क्रू ढिला होता. अर्धा फेरा. हातानेच आवळला गेला.

हे मी धोरण म्हणून केलं, असं लिहिणार होतो. नको. वाईट वाटलं. पन्नासाचं नाही, त्या अर्ध्या फेऱ्याचं.

घरी आलो. बायकोने विचारलं, कळलं का? म्हटलं, शिवणकाम कसं चाललंय? ती म्हणाली, दोन-एकने जिंकलो.

१ डिसेंबर
सकाळी दहाला स्पोर्ट्सची लाइन बंद. साहेब बारीक आवाजात सॉरी म्हणाले. पाच वाजेपर्यंत दारात एकोणीस बॉक्स. सगळ्यांना झाकणं.

टेबलाच्या पायाखालचा फॉर्म काढला. मध्ये चौकोनी भोक पडलंय, नेमकं सहीच्या जागी. मेहुणा म्हणाला, चालेल भावोजी, शेजारी करा. एजन्सी तात्पुरती घेतोय. परिस्थिती बघून पुढचा निर्णय माझा.

टेबल हलायला लागलं.

४ डिसेंबर, संध्याकाळी ६
दिवसभर त्याच शिडीवर. रंग छान आलाय. औषधवाल्याकडे मेहुण्याची वायर टाकली, मग सलून, मग रेफ्रीकाका. काकांकडे आधी गेलो असं लिहायला आवडलं असतं, पण ते तिसऱ्या मजल्यावर आहेत. उद्या म्हटलं नाही, एवढं मात्र खरं.

घरी येऊन मॅच लावली. बायकोने तिच्या खात्यात मला जागा करून दिलीय, नाव ठेवलंय ‘केबल’. फोन माझाच जुना, काच तडकलेली, चालतो मंद. चहा घेऊन बसलो. बॉल मैदानाच्या मध्ये होता, कुणी कुणाकडे देत नव्हतं, शून्य-शून्य.

आणि काकांची शिट्टी वाजली. मागोमाग सलून ओरडलं, औषधवाला ओरडला, शिंपीणबाई ओरडल्या, स्वयंपाकघरातून बायको ओरडली. सगळी गल्ली ओरडली.

माझ्याकडे बॉल अजून मध्येच होता. मी चहा खाली ठेवला आणि वाट बघत बसलो.